पिचरचे क्षेत्ररक्षण कसे मोजावे : कारकिर्दीचे आकडे वाचण्याची एक रीत

ठाण्यातल्या एका शाळेच्या मैदानावर मी शनिवारी सकाळी मुलांना बेसबॉलची स्कोअरशीट भरायला शिकवतो. तेथे नववीतल्या एका मुलाने मला एकदा विचारले, "सर, सी यंगचे असिस्ट दोन हजारांच्या वर आहेत आणि ग्रेग मॅडक्सचे बाराशेसुद्धा भरत नाहीत, मग अठरा गोल्ड ग्लव्ह मॅडक्सलाच कशी काय मिळाली?" हे दोघे अमेरिकेतल्या मोठ्या लीगचे पिचर, म्हणजे बेसबॉलचे गोलंदाज, आणि गोल्ड ग्लव्ह हा उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार. सी यंगच्या काळात हा पुरस्कारच नव्हता, तो १९५७ साली सुरू झाला, एवढे सांगून मला मोकळे होता आले असते, पण मुलाचा खरा प्रश्न पुरस्काराचा नव्हता. दोन माणसांच्या कारकिर्दीचे आकडे समोरासमोर ठेवल्यावर त्यांतून क्षेत्ररक्षणाचा दर्जा कसा ठरवायचा, हे त्याला हवे होते, आणि पिचरच्या बाबतीत हा प्रश्न इतर कोणत्याही जागेवरच्या खेळाडूपेक्षा अवघड आहे. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या (धावकाने गाठायच्या टप्प्यांच्या) मध्ये उभा असलेला क्षेत्ररक्षक, हंगामात शेकडो चेंडू हाताळतो. पूर्ण हंगाम खेळणाऱ्या पिचरच्या वाट्याला मात्र जेमतेम चाळीस-पन्नास संधी येतात, आणि त्याही त्याने स्वतः कसा चेंडू टाकला यावर अवलंबून असतात. पुढे दिली आहे ती मी स्वतः वापरतो ती रीत. त्यासाठी एक वही, साधा गणकयंत्र आणि बेसबॉल-रेफरन्ससारख्या संकेतस्थळावरचे खेळाडूचे पान एवढे साहित्य पुरते.

आकडा कोठून आला ते आधी पाहावे

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसे. आपल्या धावफलकात सुटलेल्या झेलाला रकाना नसतो. झेल सुटला हे फक्त प्रेक्षकांच्या आणि गोलंदाजाच्या लक्षात राहते. बेसबॉलच्या नोंदीत मात्र क्षेत्ररक्षकाच्या नावापुढे तीन गोष्टी कायमच्या लिहिल्या जातात : पुटआउट, असिस्ट आणि एरर. ज्याच्या हातून धावक किंवा बॅटर प्रत्यक्ष बाद होतो त्याला पुटआउट. ज्याच्या फेकीमुळे किंवा स्पर्शामुळे ते बाद होणे शक्य झाले त्याला असिस्ट. आणि साधारण प्रयत्नाने होण्यासारखे काम ज्याच्याकडून बिघडले त्याला एरर. पुटआउट आणि असिस्ट यांच्या बेरजेला या तिन्हींच्या बेरजेने भागले की क्षेत्ररक्षणाची टक्केवारी मिळते, आणि ती ०.९५० अशा दशांशात छापली जाते.

पिचरपुरते या नोंदींत काही खाचखळगे आहेत आणि ते माहीत नसतील तर पुढचे सगळे गणित वाकडे जाते. पहिला म्हणजे, बॅटर स्ट्राइकआउट झाला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद झाला, की पुटआउट कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागे बसणाऱ्या यष्टीरक्षकाच्या, खात्यात जातो आणि पिचरला असिस्टही मिळत नाही. त्यामुळे पिचरचे सर्वांत मोठे काम त्याच्या क्षेत्ररक्षणाच्या तक्त्यात दिसतच नाही. दुसरा, फर्स्ट बेसकडे गेलेला ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका) फर्स्ट बेसमनने उचलला आणि पिचरने धावत जाऊन बेस सांभाळला तर नोंद ३-१ अशी होते (प्रत्येक जागेला क्रमांक असतो : पिचर १, फर्स्ट बेसमन ३, शॉर्टस्टॉप ६) व पुटआउट पिचरचा धरला जातो. म्हणजे पिचरचे पुटआउट हे बरेचसे त्याच्या पायांचे आणि सवयीचे मोजमाप आहे, तर असिस्ट हे हाताचे. तिसरा खाचखळगा अधिक गमतीचा आहे. पिचरच्या नडगीला लागून दिशा बदललेला चेंडू शॉर्टस्टॉपने पकडला आणि बॅटरला फर्स्ट बेसवर बाद केले, तर नोंद १-६-३ अशी होते आणि पिचरला असिस्ट मिळतो, मग चेंडू अडवण्याचा त्याचा हेतू असो वा नसो. ऐरोलीतल्या एका शालेय सॉफ्टबॉल सामन्यात मी हाच असिस्ट द्यायला विसरलो होतो आणि ती पिचर मुलगी डाव संपताच पाय चोळत माझ्याकडे येऊन म्हणाली, "सर, चेंडू मला लागला, आणि तुम्ही माझा आकडा खाल्ला." चूक माझी होती; मी तेथल्या तेथे खोडून दुरुस्त केले.

वाइल्ड पिच (कॅचरला आवरता न येणारा भरकटलेला चेंडू) आणि बॉक (धावकाला फसवणारी पिचरची बेकायदा हालचाल) या एरर नव्हेत, हेही ध्यानात ठेवावे. धावकाला बेसवर पकडण्यासाठी केलेली फेक भरकटली आणि धावक पुढे सरकला तर मात्र ती पिचरची एरर होते. एका चेंडूवर दोघांना बाद करण्याच्या प्रयत्नात पहिला बाद झाला आणि दुसऱ्यासाठीची फेक उशिरा पोचली, तर एरर लागत नाही, कारण दुहेरी बाद होईलच असे स्कोअररने गृहीत धरायचे नसते. शेवटचा सापळा केवळ छपाईचा आहे : संकेतस्थळावरील क्षेत्ररक्षणाच्या तक्त्यात 'पीओ' म्हणजे पुटआउट, पण पिचरच्या धावकविषयक तक्त्यात तीच अक्षरे पिकऑफसाठी, म्हणजे बेसपासून दूर सरकलेल्या धावकाला फेकीने पकडण्यासाठी, वापरलेली असतात. एका तक्त्यातला आकडा दुसऱ्यात उतरवून घेतलेले लेख मी वाचले आहेत.

बेरीज करावी, सरासरीची सरासरी काढू नये

कारकिर्दीचे आकडे मांडताना पहिली पायरी अगदी साधी आहे, तरी सर्वाधिक चुका तेथेच होतात. समजा, एका पिचरला दुखापतीच्या वर्षी १० संधी आल्या आणि त्याने २ चुका केल्या, तर त्या वर्षाची टक्केवारी ०.८०० झाली, पुढच्या वर्षी ६० संधी आल्या व चूक एकही झाली नाही, तर ती १.००० झाली. दोन वर्षांची सरासरी ०.९०० काढणे चूक आहे. एकूण ७० संधींपैकी ६८ यशस्वी, म्हणून खरा आकडा ०.९७१ आहे. वर्षवार टक्केवारीला हात न लावता पुटआउट, असिस्ट आणि एरर यांचे रकाने वेगवेगळे बेरजेला घ्यावेत, आणि भागाकार शेवटी एकदाच करावा.

टक्केवारीवर किती विश्वास ठेवावा

मोठ्या लीगमध्ये पिचरांची टक्केवारी साधारण ०.९५० च्या आसपास असते. आता ५० संधींच्या हंगामात असा सामान्य पिचर अडीच चुका करील अशी अपेक्षा असते, पण केवळ योगायोगाने त्या शून्यही होऊ शकतात आणि पाचही. म्हणजे एकाच गुणवत्तेचा माणूस एका वर्षी १.००० आणि दुसऱ्या वर्षी ०.९०० दाखवू शकतो. एका हंगामाच्या टक्केवारीवरून पिचरला चांगला किंवा वाईट म्हणणे हे एका षटकावरून गोलंदाजाची निवड करण्यासारखे आहे.

याहून छोट्या नमुन्याचे उदाहरण २००६ च्या वर्ल्ड सीरिजचे, म्हणजे मोठ्या लीगच्या अंतिम मालिकेचे. डेट्रॉइट टायगर्सच्या पिचरांनी सेंट लुई कार्डिनल्सविरुद्धच्या पाच सामन्यांत पाच एरर केल्या, प्रत्येक सामन्यात एक, आणि मालिका ४-१ ने गमावली. त्याच संघात केनी रॉजर्स होता, ज्याने त्याच वर्षी पिचर म्हणून गोल्ड ग्लव्ह मिळवले. त्या पाच सामन्यांवरून टायगर्सच्या पिचरांना क्षेत्ररक्षण येतच नव्हते असे ठरवणाऱ्याला रॉजर्सचे काय करायचे ते सुचणार नाही.

कारकिर्दीसाठी मी पुढील ठोकताळा वापरतो. एकूण संधींना ०.०५ ने गुणले की सामान्य पिचरच्या अपेक्षित चुका मिळतात. त्या संख्येला ०.९५ ने गुणून वर्गमूळ काढले की योगायोगाने होणाऱ्या चढउताराचे माप मिळते. प्रत्यक्ष चुका अपेक्षेपासून या मापाच्या दुपटीपेक्षा अधिक दूर असतील, तरच गुणवत्तेविषयी बोलावे. आजच्या एखाद्या पिचरने दोन हजार इनिंग (तीन बादांचा एक डाव) टाकल्या आणि त्याला सुमारे ३८० संधी आल्या असे धरले, तर अपेक्षित चुका १९ आणि माप सव्वाचार. म्हणजे ११ पासून २७ पर्यंत कितीही चुका झाल्या तरी तो सामान्यच ठरू शकतो. टक्केवारीत सांगायचे तर ०.९७१ आणि ०.९२९ यांच्यातले अंतर दोन हजार इनिंगनंतरही निव्वळ दैवाचे असू शकते.

आता हाच ठोकताळा दोन थोर पिचरांना लावून पाहू. मॅडक्सने १९८६ ते २००८ या २३ हंगामांत ५४६ पुटआउट, १,१९४ असिस्ट आणि ५३ एरर केल्या. एकूण संधी १,७९३ आणि टक्केवारी ०.९७०. सामान्य पिचरने एवढ्या संधींत सुमारे ९० चुका केल्या असत्या, आणि चढउताराचे माप सव्वानऊ आहे, म्हणजे मॅडक्स अपेक्षेपेक्षा चार मापे चांगला. हे दैव नव्हे. दुसरा नोलन रायन : ९० एरर आणि टक्केवारी ०.८९५. पुटआउट-असिस्टचे रकाने समोर नसले तरी या दोन आकड्यांवरून एकूण संधी काढता येतात. शंभरात साडेदहा चुकांच्या हिशेबाने ९० चुका म्हणजे सुमारे ८५७ संधी, त्यांपैकी यशस्वी सुमारे ७६७. सामान्य पिचरने तेवढ्यात ४३ चुका केल्या असत्या. रायन अपेक्षेपेक्षा सात मापे वाईट आहे, आणि तेही दैव नव्हे. इतक्या मोठ्या अंतराचे पिचर विरळा. बहुतेकांच्या बाबतीत टक्केवारी काहीच ठाम सांगत नाही हे मान्य करून पुढच्या पायरीकडे वळावे लागते.

संधी किती आल्या, याहून किती यायला हव्या होत्या

माझ्या मते पिचरच्या क्षेत्ररक्षणाचा गाभा येथे आहे, आणि टक्केवारीच्या मागे लागलेले लोक नेमका तोच वगळतात. चुका न करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे अवघड चेंडूकडे न जाणे. ज्याने हात घातला त्याला चूक लागते, ज्याने चेंडू शेजारून जाऊ दिला त्याला काहीच लागत नाही. म्हणून नऊ इनिंगमागे पिचरने किती पुटआउट व असिस्ट केले हे काढावे. याला रेंज फॅक्टर म्हणतात. मॅडक्सचे यशस्वी हस्तक्षेप १,७४० आणि इनिंग ५,००८. नऊ इनिंगमागे ३.१३. रायनचे सुमारे ७६७ आणि इनिंग ५,३८६. नऊ इनिंगमागे १.२८. मॅडक्स जवळजवळ अडीचपट.

येथे थांबलात तर रायनवर अन्याय होईल. त्याने ५,७१४ बॅटर स्ट्राइकआउट केले, आणि स्ट्राइकआउटमध्ये क्षेत्ररक्षणाचा प्रश्नच उद्भवत नाही. प्रत्येक इनिंगमध्ये तीन बाद असतात, म्हणून ५,३८६ इनिंगमध्ये १६,१५८ बाद. त्यांतून स्ट्राइकआउट वजा केले की उरतात सुमारे १०,४४४, आणि हे असे बाद की ज्यांत कोणाला तरी चेंडू हाताळावा लागला किंवा धावकाला टिपावे लागले. त्यांपैकी रायनचा सहभाग ७६७ मध्ये, म्हणजे शंभरात साधारण सव्वासात. मॅडक्सचे स्ट्राइकआउट ३,३७१. त्याच रीतीने उरलेले बाद सुमारे ११,६५४, आणि त्याचा सहभाग शंभरात जवळजवळ पंधरा. अडीचपटीचे अंतर दुपटीवर आले. गणित पाच मिनिटांचे आहे, पण त्याने रेंज फॅक्टरमधली सर्वांत मोठी भेसळ निघून जाते.

उरलेल्या दुपटीतही सगळे श्रेय मॅडक्सच्या चपळाईचे नाही. तो खाली झुकणारा, बॅटच्या खालच्या भागाला लागणारा चेंडू टाकत असे, आणि असे चेंडू जमिनीवरून परततात. रायनचा वेगवान चेंडू वरच्या भागात असे, तो लागलाच तर हवेत जाई. जमिनीवरचे फटके किती आणि हवेतले किती याची नोंद ज्या पिचरांच्या काळात उपलब्ध आहे, तेथे ती जरूर पाहावी, आणि तुलना शक्यतो सारख्या शैलीच्या पिचरांमध्ये करावी. १९७६ साली सँडिएगोच्या रँडी जोन्सने ११२ संधी एकही चूक न करता हाताळल्या. तो विक्रमी हंगाम असला तरी एवढ्या संधी त्याला मिळाल्या त्या त्याच्या खाली बुडणाऱ्या चेंडूमुळे आणि तीनशेहून अधिक इनिंग टाकल्यामुळे. त्या संधी निष्कलंक पार पाडणे हे क्षेत्ररक्षण. त्या निर्माण होणे हे पिचिंग.

आणखी एक बारकावा आहे, जो आकड्यांत उतरत नाही. पिचरने सोडलेला प्रत्येक चेंडू फुकट जात नाही, कारण त्याच्या मागे शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेसमन उभे असतात. मधोमध जाणाऱ्या संथ ग्राउंडरला पिचरने नुसता हात लावून दिशा बदलली, तर मागच्याचा सोपा बाद बिघडतो. म्हणून एखाद्या पिचरचे असिस्ट दहाने वाढले म्हणजे संघाला दहा बाद अधिक मिळाले असे कधीही समजू नये. बंट (बॅट न फिरवता हळूच पुढ्यात टाकलेला चेंडू) उचलण्याचे आणि फर्स्ट बेस सांभाळण्याचे काम मात्र पिचरऐवजी दुसरे कोणी क्वचितच करू शकते, त्यामुळे त्या दोन प्रकारांतली कामगिरी मी अधिक मोलाची धरतो.

काळाचा फरक

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. सी यंगचे कारकिर्दीतले असिस्ट २,०१४ आहेत आणि पिचरांत हा विक्रम आहे. पण त्याने ७,३५६ इनिंग टाकल्या. नऊ इनिंगमागे त्याचे असिस्ट २.४६ होतात आणि मॅडक्सचे २.१५. एकूण आकड्यांत आठशेचे अंतर होते, दरात ते एक तृतीयांश असिस्टवर आले. त्यातही सी यंग ज्या काळात खेळला, १८९० ते १९११, तो बंटचा आणि हलक्या हाताने खेळण्याचा काळ होता. चेंडू फारसा उडत नसे, स्ट्राइकआउट कमी असत, आणि पिचरच्या पुढ्यात सतत काही ना काही घरंगळत येई. एड वॉल्शने १९०७ साली एका हंगामात २२७ असिस्ट केले, नऊ इनिंगमागे जवळजवळ ४.८. हा विक्रम आज कोणी मोडणे शक्य नाही, कारण वॉल्शने त्या वर्षी चारशेहून अधिक इनिंग टाकल्या, त्याचे हत्यार होते स्पिटबॉल (थुंकी लावलेला चेंडू), जो बॅटरला जमिनीवरच मारावा लागे, आणि त्या चेंडूवर पुढे १९२० साली बंदी आली. त्या पार्श्वभूमीवर सी यंगचे २.४६ फार उठून दिसत नाहीत. मॅडक्सचे २.१५ मात्र अशा काळातले आहेत, ज्यात बॅटर उंच फटक्यांच्या मागे होते.

काळाची भेसळ काढण्यासाठी वेगळे संशोधन करावे लागत नाही. संकेतस्थळावरच्या क्षेत्ररक्षणाच्या तक्त्यात खेळाडूच्या टक्केवारीशेजारी त्या वर्षाच्या लीगमधल्या सर्व पिचरांची टक्केवारी, आणि रेंज फॅक्टरशेजारी लीगचा रेंज फॅक्टर दिलेला असतो. खेळाडूच्या आकड्याला लीगच्या आकड्याने भागावे, आणि वहीत दोन्ही आकडे नव्हे तर हे गुणोत्तर वर्षवार लिहावे. तक्ता एरवी मोठा वाटला तरी असे केल्यावर तो एका रकान्याचा होतो.

लीग म्हणजे कोणती, हे मात्र नीट पाहावे. मोठ्या लीगचे दोन भाग आहेत, अमेरिकन आणि नॅशनल. अमेरिकन लीगने १९७३ साली पिचरऐवजी बॅटिंग करणारा वेगळा खेळाडू, डेझिग्नेटेड हिटर, आणला. नॅशनल लीगमध्ये तो २०२० चा अपवाद सोडला तर कायमचा आला २०२२ साली. मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत नॅशनल लीगमधला पिचर स्वतः बॅट घेऊन उभा राही, आणि धावक बेसवर असेल तर बहुधा बंट करी. तो बंट समोरच्या पिचरने उचलायचा. म्हणून नॅशनल लीगमधल्या पिचरला ही संधी अधिक मिळे. त्या काळात पिचर मध्येच नॅशनलमधून अमेरिकन लीगमध्ये गेला असेल तर त्याचा रेंज फॅक्टर एकदम घसरलेला दिसेल, आणि वय झाले असा निष्कर्ष निघेल. खरे कारण बंटच बंद झाले हे असू शकते.

धावकाला बांधून ठेवणे

पिकऑफमधून मिळणारा असिस्ट क्षेत्ररक्षणाच्या तक्त्यात येतो, पण धावकाने चोरलेला बेस, म्हणजे फटका न लागताच धावत जाऊन गाठलेला पुढचा बेस, तेथे येत नाही; तो शोधायला पिचिंगच्या पानावर जावे लागते. ही पायरी न गाळण्याचे कारण मॅडक्सच आहे. अठरा गोल्ड ग्लव्ह मिळवणाऱ्या या माणसाच्या विरुद्ध कारकिर्दीत पाचशेहून अधिक बेस चोरले गेले, आणि तेही त्याने केवळ ९९९ बॅटरांना वॉक (चार बाहेरच्या चेंडूंमुळे फुकट मिळणारा फर्स्ट बेस) दिलेले असताना, म्हणजे फर्स्ट बेसवर धावक तुलनेने कमी पोचत असताना. बॅटरवरचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून तो धावकाकडे फारसे पाहतच नसे, असे त्याच्या खेळावरून दिसे. रायनविरुद्ध तर सातशेहून अधिक बेस चोरले गेले; त्याचे वॉक २,७९५ असल्यामुळे धावकांची रांगही लांब होती. म्हणून चोरीची संख्या एकटी न घेता फर्स्ट बेसवर पोचलेल्या धावकांशी तिचे प्रमाण काढावे. होमरनचा (षटकारासारख्या, चारही बेस मिळवून देणाऱ्या फटक्याचा) भाग सोडून सिंगल (फर्स्ट बेसपर्यंत नेणारा फटका), वॉक आणि शरीराला चेंडू लागून मिळालेले बेस यांची बेरीज घेतली तरी काम भागते.

या हिशेबात कॅचरचा वाटा असतो. पिचरचा चेंडू हातातून सुटून कॅचरपर्यंत पोचण्यासह पिचरची पूर्ण हालचाल साधारण १.३ सेकंदांची आणि कॅचरची सेकंड बेसपर्यंतची फेक साधारण २ सेकंदांची. धावकाला याच्याशीच शर्यत करायची असते. दोन-तीन वेगवेगळ्या कॅचरांबरोबर खेळतानाही चोरीचे प्रमाण तेच राहत असेल, तर ती पिचरची सवय समजावी. डावखुऱ्या पिचरचा चेहरा उभा राहतानाच फर्स्ट बेसकडे असतो, हा त्याचा जन्मजात फायदा. त्याची तुलना उजव्या हाताच्या पिचरशी करू नये. २०२३ पासून बेस मोठे झाले आहेत आणि पिचरने एका बॅटरच्या वेळी धावकासाठी किती वेळा थांबायचे यावर मर्यादा आली आहे. त्यामुळे कारकीर्द या वर्षाच्या आधी व नंतर अशी पसरलेली असेल, तर चोरीचे आकडे दोन भागांत मांडावेत.

पुरस्कार, शरीर आणि वय

गोल्ड ग्लव्हची संख्या मी वहीच्या शेवटच्या रकान्यात लिहितो आणि तिला वजन देत नाही. जिम काटने १९६२ ते १९७७ अशी सलग १६ गोल्ड ग्लव्ह मिळवली, पण त्यांतल्या १९६९ च्या हंगामात त्याच्या ८ चुका आणि टक्केवारी ०.८२६ होती, म्हणजे ४६ संधींत जेथे सामान्य पिचरने दोन-तीन चुका केल्या असत्या तेथे आठ. मत त्या वर्षीच्या खेळाला नव्हे, नावलौकिकाला पडले होते. मतदान व्यवस्थापक आणि प्रशिक्षकांचे असते. २०१३ पासून त्यात आकडेवारीचा निर्देशांक सुमारे एक चतुर्थांश धरला जातो, आणि त्यामुळे असे प्रकार कमी झाले असावेत असे मला वाटते.

चेंडू सोडल्यावर पिचर कोणत्या स्थितीत उतरतो हे शक्य असेल तर चित्रफितीत पाहावे. अमेरिकेतले संध्याकाळचे सामने आपल्याकडे पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होतात, आणि ठाणे स्टेशनला जाऊन लोकल पकडण्याआधी तीन-चार इनिंग पाहून होतात. तेवढ्यात हे कळते. मॅडक्स चेंडू सोडून दोन्ही पायांवर, ग्लव्ह पुढे ठेवून सरळ उभा राही. बॉब गिब्सन मात्र फर्स्ट बेसच्या बाजूला जवळजवळ कोलमडत असे, तरी त्याला १९६५ ते १९७३ सलग नऊ गोल्ड ग्लव्ह मिळाली, म्हणजे शैलीवरूनही घाईने ठरवू नये. पिचरची रेषा बॅटरपासून ६० फूट ६ इंचांवर असते, आपल्या २२ यार्डांच्या खेळपट्टीपेक्षा थोडी कमी, आणि चेंडू सोडेपर्यंत पिचर आणखी पुढे आलेला असतो. ताशी १०० मैलांनी परतलेला चेंडू त्याच्यापर्यंत सुमारे चार दशांश सेकंदात पोचतो. १९६७ च्या जुलैमध्ये रॉबर्टो क्लेमेंटेचा असाच फटका गिब्सनच्या पायावर बसून हाड मोडले. असा चेंडू अडवता आला नाही याला मी कधीही उणीव धरत नाही.

वयासाठी कारकिर्दीचे तीन भाग करून प्रत्येकाचे लीगशी गुणोत्तर वेगळे काढावे. पिचरची चपळाई उतरते पण अंदाज वाढतो. मॅडक्सने अठरावे गोल्ड ग्लव्ह बेचाळिसाव्या वर्षी मिळवले.

धावांत उतरवताना

शेवटची पायरी मोल ठरवण्याची, आणि तेथेच हात आखडता घ्यावा. होणारा बाद हुकून बॅटर फर्स्ट बेसवर पोचला तर संघाचे नुकसान साधारण पाऊण धावेचे होते, आणि चोरलेल्या बेसचे सुमारे पाव धावेहून थोडे कमी. मॅडक्सने सामान्य पिचरपेक्षा ३७ चुका कमी केल्या. त्यांचे मोल २३ हंगामांत २८ धावांच्या आसपास, म्हणजे हंगामाला सव्वा धाव. ज्या टक्केवारीवर एवढी चर्चा होते, तिची किंमत इतिहासातल्या सर्वोत्तम उदाहरणातही इतकीच आहे. २००३ पासूनच्या पिचरांसाठी डिफेन्सिव्ह रन्स सेव्ह्ड हा मोजणीचा प्रकार उपलब्ध आहे आणि त्यात धावकाला रोखण्याचाही हिशेब येतो. यूझेडआर हा दुसरा प्रसिद्ध प्रकार पिचरांसाठी काढलाच जात नाही, म्हणून पिचरच्या पानावर तो शोधत बसू नये.

हे आकडे पिचरच्या एकूण मोलात मिळवण्याआधी एक तपासणी करावी. पिचरने दिलेल्या एकूण धावांवरून त्याचे मोल काढले असेल, तर त्याने स्वतः अडवलेले ग्राउंडर त्या धावांत आधीच जमा आहेत आणि क्षेत्ररक्षणाच्या धावा पुन्हा मिळवल्या तर त्या दोनदा मोजल्या जातील. अर्न्ड रनच्या, म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या चुका वगळून पिचरच्या नावे धरलेल्या धावांच्या, सरासरीवरून मोल काढले असेल, तर घोटाळा उलट्या दिशेचा आहे : नियमाप्रमाणे पिचरच्या स्वतःच्या चुकीमुळे आलेली धावही अनअर्न्ड ठरते, आणि आपल्याच हाताने फेक भरकटवून धाव देणाऱ्याची सरासरी निर्मळ राहते. अशा वेळी चुकांपुरता भाग वेगळा वजा करावा आणि अडवलेल्या चेंडूंच्या भागाला हात लावू नये. स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन एवढ्यांवरूनच मोल काढले असेल, तर मात्र क्षेत्ररक्षण त्यात अजिबात आलेले नसते आणि ते पूर्णपणे मिळवता येते.